सुटलेली वाघीण आणि छावणीची लाईन

मित्रांनो, वयाने मी ऐंशीच्या पुढे आहे, तरी मला अजून स्वस्थ पडून राहता येत नाही. होटगीच्या पुढे कुरणी नावाचं एक लहानसं स्टेशन आहे. तिथे एक लाईन मोठ्या लाईनला सोडून बाजूला वळते आणि बाभळींमधून माळावर चढत जाते. तीच मी. माझी लांबी अवघी दीड मैल. रुळांवर गंज आहे, मधे कुसळं वाढली आहेत. पण मोठ्या लाईनवरून गाडी गेली की माझ्या अंगात अजून थरथर होते. ती थरथर माळापर्यंत जाते आणि तिथेच थांबते, कारण तिथे मी संपते.

माझा जन्मच घाईतला. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि माळावर लष्कराची छावणी उभी राहायची होती. "तीन महिन्यांत लाईन पाहिजे," असा हुकूम आला. भर चैत्रात बायामाणसांनी डोक्यावरून खडी वाहिली. दुसरीकडून उखडून आणलेले रूळ माझ्यासाठी आले आणि लाकडी स्लीपरांवर ठोकले गेले. शेवटचा खिळा ठोकला त्याच दिवशी पहिलं इंजिन शिट्टी मारत वर चढलं. खडीला बसायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

काय काय वाहिलं मी! पाण्याच्या टाक्या, तंबूंचे खांब, गव्हाची पोती, लाथा झाडणारी खेचरं. आणि शिपाई. कोणी गात येई, कोणी खिडकीला कपाळ टेकून गप्प बसे. बाहेरच्या जगात काय चाललं आहे हे मला कोणी सांगत नसे, पण चाकांच्या वजनावरून मला कळायचं. खाली जाताना डबे जड असत. परत वर येताना तेच डबे हलके असत. "बाकीचे कुठे राहिले?" हा प्रश्न मला तेव्हा पडला.

युद्ध संपलं. छावणी मात्र कोठारासाठी बरीच वर्षं टिकली. त्या शेवटच्या वर्षांत इसूफ माझ्या कामावर लागला. तो गँगमन होता, विशीतला, लांब ढांगा टाकणारा. पाठीवर हातोडा आणि पाना घेऊन तो मला रोज या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत तपासायचा. बोल्ट सैल असेल तर आवळायचा. पुढे छावणीही उठली. शेवटच्या फेरीला एका डब्यात मोडकी टेबलं आणि एक पाटी होती. फाटकाला साखळी लागली आणि माझ्यावरचं चाक बंद झालं.

मग गुरं आली, करडं आली. रुळांवरून तोल सांभाळत चालणारी शाळेची पोरं आली. कोणी माझे बोल्ट काढून नेले. इसूफची बदली झाली, लग्न झालं, मुली झाल्या, नोकरी संपली. मग तो कुरणीला परत आला आणि रोज उन्हं उतरली की काठी टेकत माझ्यावरून चालू लागला. पगार नाही, हुकूम नाही, तरी यायचा. मला बरं वाटे, पण खरं सांगते, मला त्याची पावलं नको होती. मला चाकं हवी होती. एकदा तरी एखादी वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, माझ्यावरून धडधडत जावी, एवढीच इच्छा धरून मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं तळमळत होते.

आणि यंदाच्या मार्चमध्ये चाकं आली.

आली ती मलाच उखडून न्यायला. माझे रूळ काढायचं काम एका ठेकेदाराला मिळालं होतं. इंजिनाने एक उघडी, सपाट वाघीण ढकलत माळाच्या टोकाला आणून उभी केली आणि ते परत गेलं. माझे रूळ सोडवायचे आणि त्याच वाघिणीवर रचायचे, असं ठरलं होतं. आपल्याला मोडायला आले आहेत हे कळूनही मी खुळ्यासारखी आनंदले. किती वर्षांनी वजन अंगावर आलं होतं!

इथे एक गोष्ट समजून घ्या. माळ उंचावर आहे आणि स्टेशन खाली. म्हणून मी मोठ्या लाईनला मिळते, त्याच्या थोडं अलीकडे एक सांधा आहे. सांधा म्हणजे गाडीची वाट बदलणारे रूळ. वरून काही सुटून आलंच, तर त्याला मोठ्या लाईनवर जाऊ न देता बाजूच्या वाळूत घालायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून तो नेहमी वाळूकडे लावून ठेवतात. वाघीण वर नेताना तो मोठ्या लाईनकडे फिरवला होता. इंजिन गेल्यावर पुन्हा वाळूकडे फिरवायला हवा होता. ठेकेदाराचा मुकादम मानसिंग याने त्याला तसंच कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

इसूफच्या ते लक्षात आलं. दुपारच्या उन्हात धापा टाकत तो वर गेला.

"मुकादम, सांधा उलटा लागलाय. आदी वाळूकडं फिरवा, मग काम करा."

मानसिंग भाकरी सोडत होता. "चाचा, तुमी रिटायर झाला की. आता आराम करा."

"आराम करतो. पर सांधा फिरवा."

"जेवण झाल्यावर बघू."

इसूफ काठी टेकत वळला. उतार उतरून तो सांध्यापाशी गेला आणि तिथल्या लिंबाखाली बसून राहिला.

वर माणसं जेवायला पांगली. गुंडा नावाचा जेऊरकडचा एक मजूर होता, चाळिशीचा, कामाला वाघ. त्याला सगळ्यांसाठी चहा करायचा होता. चुलीला दगड हवे होते. वाघिणीच्या चाकांखाली चार मोठे दगड लावलेले होते. त्यातले दोन त्याने ओढून घेतले. दोन आहेत की अजून, असं त्याला वाटलं. पण सकाळी ती वाघीण रिकामी होती आणि आता तिच्यावर रुळांची रास होती. तिचा हाताने आवळायचा ब्रेकही जुना झाला होता.

आधी एक दगड कुरकुरला. मग दुसरा फुटला. चाक हललं.

ज्या क्षणाची मी इतकी वर्षं वाट पाहिली, तो असा आला. चाकं माझ्यावरून फिरत होती, आणि मी मनातल्या मनात ओरडत होते, "थांब! अगं थांब!" पण रुळाच्या हातात काय असतं? आम्ही वाट देतो. अडवणं आम्हाला येत नाही.

खालच्या उतारावर, सांध्यापासून हाकेच्या अंतरावर, शरणम्मा मेंढरं चारत होती. अक्कलकोटच्या बाजूची ही धनगरीण दरवर्षी उन्हाळ्यात इकडे यायची. बाभळीच्या शेंगा खायला तिची सगळी मेंढरं माझ्या दोन्ही रुळांमधे जमली होती. तिने वर पाहिलं. वाघीण माणसाच्या चालीने येत होती, मग सायकलच्या वेगाने येऊ लागली.

"अय्यय्यो! इसूफचाचा, गाडी सुटली! वर कुणीच न्हाय तिच्यावर!"

खालून इसूफ ओरडला, "शरणम्मा, हिकडं पळ! मला कुलूप फुटंना! हुटगीकडनं पॅसेंजर यायची येळ झाली!"

शरणम्माने हाळी घातली, काठी आपटली. बरीच मेंढरं बिचकून बाजूला झाली. चार-पाच मात्र शेंगांत तोंड घालून तशीच उभी. त्यात तिची काळी मेंढी होती, पंधरा दिवसांपूर्वी व्यालेली. शरणम्मा दोन पावलं तिच्याकडे गेली. मग थांबली. तिने एकदा वाघिणीकडे पाहिलं, एकदा खाली सांध्याकडे. आणि मेंढरांकडे पाठ करून ती उताराला लागली. पायातली एक वहाण निसटली, तिने वळूनही पाहिलं नाही.

इसूफ खडीचा दगड कुलपावर मारत होता. त्याचे घाव नीट बसत नव्हते. शरणम्माने त्याच्या हातातून दगड घेतला आणि कुलपावर घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला कुलूप उडालं.

"आता हा दांडा! माज्या संगट वढ!"

दोघं लोखंडी दांड्याला लोंबकळली. तो हलेना. दूरवर पॅसेंजरचा भोंगा वाजला. वरून माझ्या अंगातून धडधड येत होती, खालून मोठ्या लाईनची थरथर येत होती, आणि मी मधे ताणली गेले होते.

"अजून एकदा, शरणम्मा! या अल्ला!"

"मल्लय्या!" तिने आपल्या देवाला हाक मारली, आणि दोघांच्या वजनाने दांडा खाडकन पलीकडे पडला. सांधा फिरला.

वाघीण आली ती वाळूत घुसली. केवढा आवाज झाला! तिचं तोंड वाळूत रुतलं, ती एका अंगावर कलली आणि माझे काढलेले रूळ तिच्यावरून घरंगळत बाभळीत गेले. धुरळा खाली बसायच्या आत शेजारून पॅसेंजर निघून गेली. दारात बसलेल्या एका बाईने धुरळा बघून नाकाला पदर लावला, एवढंच. आतल्या कोणालाही काही कळलं नाही.

दोन मेंढ्या गेल्या. त्यात काळी होती. शरणम्मा परत वर चढून गेली आणि काळीच्या कोकराला घोंगड्यात घेऊन खाली बसली. इसूफ तिच्याजवळ जाऊन बसला.

तासाभरात रेल्वेचे साहेब आले. मानसिंग पुढे झाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण जीभ चालू होती.

"साहेब, ह्या बाईनं कुलूप फोडलं. सरकारी कुलूप हाय. हिनंच कायतरी केलं आसंल."

इसूफ काठी टेकत उभा राहिला. "मुकादम, सांध्याचं मी तुमाला जेवायच्या आदी सांगितलं व्हतं का न्हाय?"

"कोण म्हणतं? कुणी ऐकलं?" मानसिंगने आपल्या माणसांकडे पाहिलं. माणसांनी माना खाली घातल्या. साहेब वहीत लिहू लागले. शरणम्मा कोकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आपण काय केलं हे सांगावं, असंही तिला सुचलं नाही.

तेव्हा मागून गुंडा पुढे आला.

"साहेब, चाकाखालचं दगड मी काडलं. चुलीसाठी." तो थांबला. "आनि चाचा सांगायला आलते. मी ऐकलंय. ह्या बाईचा काय दोष न्हाय. ती नसती तर..." त्याने मोठ्या लाईनकडे बोट केलं.

मग इतरांच्या माना हळूहळू वर आल्या. "व्हय साहेब, आमी बी ऐकलं," एक जण म्हणाला. मग दुसरा. साहेबांनी लिहिलेलं पान खोडलं.

मानसिंगचं मुकादमपण गेलं. गुंडाला पंधरा दिवस घरी बसवलं, पण तो घरी बसला नाही. रोज सकाळी शेळीच्या दुधाची बाटली घेऊन तो शरणम्माच्या पालापाशी यायचा आणि कोकराला पाजायचा. पहिले दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाटली अशी तिरपी धर. ठसका लागतोय त्याला." पावसाआधी तिचा कळप पुढे गेला, तेव्हा ते कोकरू आपल्या पायांनी चालत गेलं.

माझं काम पुन्हा सुरू झालं. साहेबांनी इसूफला बोलावून घेतलं आणि नव्या माणसांना सांधा कसा बघायचा, चाकाला अडण कशी लावायची, हे शिकवायला सांगितलं. मला माळावरून बाभळींपर्यंत उचललं आहे. आता दोनशे पावलांचीच उरले आहे, आणि तीही या आठवड्यात जाईन. हे रूळ भट्टीत जातील की दुसऱ्या कुठल्या लाईनला जोडले जातील, मला ठाऊक नाही. मला अजूनही चैन नाही. पण आता चाकांसाठी नाही. मी जिथे जाऊन पडेन, तिथल्या सांध्याकडे कोण बघणार, याची काळजी वाटते.

म्हणून जाता जाता तुम्हाला एक विनवणी करते. एखादी वस्तू वर्षानुवर्षं एका जागी पडलेली दिसली, तर ती निकामी आहे असं लगेच ठरवू नका. तिला हलवण्याआधी विचारा, ही इथे कशाला टेकू देऊन उभी आहे? साधा दगडसुद्धा कामावर असू शकतो. एखादा म्हातारा पुन्हा पुन्हा तेच सांगत असेल, तर जेवण बाजूला ठेवून ऐका. आणि तुमच्या हातून चुकून असा दगड निघालाच, मित्रांनो, तर घाबरून मान खाली घालू नका. गुंडासारखं पुढे या आणि सांगा. मात्र त्याच्याहून लवकर सांगा. उतारावर वेळ फार थोडा असतो.