चाबीचं नारळ

शालिकराम माहा लंगोटीयार. दुसरं कोणी त्याले हसलं असतं तं म्या त्याची गचांडी धरली असती. पण त्या दिवशी टेकडीवर त्याच्या बाजूले उभं राहाले मलेच लाज वाटली, आन् त्या लाजेत अर्धा वाटा माहाच होता.

आमचं गाव चांदूर रेल्वेपासून जवळ. शालिकराम झेंडू-शेवंती लावते, अमरावतीच्या बाजारात नेते. पोट्टा गोपाल त्याच्यासंगच वावरात. बिडी नाही, खर्रा नाही, बैलालेही 'जराक सर बावा' म्हणून हात लावन असा. पण वावरात राबणाऱ्या पोट्ट्याले आजकाल पोरगी कोण देते? आमी पाहाले जावो, पोहे खावो, आन् उठता उठता पोरीचा बाप इचारे, "नोकरीचं काही पाहून राहिले का?" झालं. तिथंच पोहे कडू.

गावाच्या बाहेर टेकडीवर देवी हाय. तिच्यासमोर एक मोठा कडुलिंब. नवस बोलला का लाल फडक्यात नारळ बांधून लिंबाले टांगाचं, काम झालं का आपलं आपण सोडून देवीपुढं फोडाचं. गाठ आपसूकच सुटली तं देवीनं ऐकलं समजाचं. गोदावयनीनं, म्हणजे शालिकच्या बायकोनं, चैतात टांगलं होतं. शालिकले वाटलं उन्हाळ्यात बार उडवतो. उन्हाळा गेला, दसरा गेला, दिवाळीचे दिवे विझले.

मंग तो ताटावर बसला का पोट्ट्याले बोले. "तुह्या वयात मले दोन लेकरं होते." दुसऱ्या रोजी, "ते दाढी तं कर, पोरगी पळून जाईन नाही तं काय." गोपाल मान खाली घालून गिळे. मंग त्यानं भाकर वावरात न्याले सुरुवात केली. शालिक मले म्हणे, "पाह्य गा पंजाब, पोट्टा कामाचा हाय. जेवाचा टाइमही वाचवून राहिला."

तुळशीचे लग्नं लागून राहिले होते, तवा आणखी एका घरून नाही आलं. दिवस कलता कलता शालिक माह्या दारात उभा.

"विळा घे, चाल."

"कोठी?"

"टेकडीवर. नारळ सोडून आणतो."

"काम कुठं झालं तुहं?"

"नाही झालं म्हणूनच. तिच्यानं होत नसन तं दुसरीकडं सांगतो. कौंडण्यपूरले जातो. रुख्मिणीचं माहेर ते, लग्नातलं तिले जास्त समजते."

"देव काय दुकान हाय का लेका, इथं माल भेटला नाही तं पलीकडं जाले?"

"तू विळा घेतं का मी घेऊ?"

घेतला. लिंबाले नारळच नारळ. सारे सारखे, पावसानं फडक्यांचा रंग उडालेला. शालिकले चष्म्याबगर दिसत नाही, आन् चष्मा लावाची त्याले शरम. "आपलं कोणतं रे?" म्हणे. म्या बोट दाखवलं, "ते, खालच्या फांदीचं." मले तरी काय ठाऊक? मले घरी जाचं होतं. त्यानं सुतळी कापली, देवीकडं पाठ केली आन् उतरला.

घरी वयनीच्या पुढं नारळ ठेवलं. तिनं बसून फडक्याची गाठ सोडली. नारळासंग एक पितळेची चाबी खाली पडली. लहान्या कुलपाची.

"हे आपलं नोये," वयनी म्हणे. "आपल्यात म्या हळकुंड ठेवलं होतं."

शालिकनं माह्याकडं पाहिलं. म्या छताकडं पाहिलं.

"कोण्या बाईचा जीव उचलून आणला तुमी?" ते एवढंच बोलली आन् चाबी पदरात झाकून बसली.

म्या गुरवाले फोन लावला. गोष्ट फिरवून इचारलं. तो म्हणे, "चाबीवालं नारळ? ते केशरबाईचं. अकोल्याची हाय, तिच्या मायची कुळदेवी ही. घरधनी नाही. एकुलता पोट्टा बंडू, भांडून गेला, कुठं हाय पत्ता नाही. घराची दुसरी चाबी देवीजवळ ठेवून गेली ते. दर पुनवेले येते, नारळाले हात लावते आन् जाते."

पुनव दुसऱ्याच दिवशी होती. तवाच वर जाऊन बांधलं असतं, पण टेकडीवर बिबट दिसल्याची बोंब होती. दिवस बुडल्यावर तिकडं कोणी फिरकत नोतं. "सकाळी ते याच्या आंधी बांधून टाकू," शालिक म्हणे. "कोणाले समजत नाही." सकाळी त्रिपुरी पुनवेचा फुलाचा बाजार. तोडणी झाली, टेम्पो भरून अमरावतीले धाडला, तवरिक ऊन वर आलं. उरलेली सुतळी कापाले विळा संग घेतला आन् निंघालो.

ते आलेली होती.

वाळकी बाई, पायात प्लास्टिकचे जोडे. त्याच फांदीखाली उभी. सुतळीचा जो तुकडा लटकून होता त्याले धरून हसून राहिली होती, आन् डोळ्यातून पाणी चाललं होतं. दुसऱ्या हातात फोन. शेजारणीशी बोलून राहिली होती. "अवो, देवीनं सोडलं माहं. गाठ तुटली. तू एक काम कर, आमचं कुलूप काढून ठेव. दार लोटून ठेव नुसतं. तो आला तं त्याले कुलूप दिसू नये."

म्या शालिकचा सदरा ओढला. "चाल, मंग बांधू." खरं सांगतो, मले पळाचं होतं. चार दिवस बाईले खुशीत राहू द्या, मंग नारळ गुपचूप टांगू, असं काहीबाही डोक्शात आलं. शालिक हालला नाही. त्याचं तोंड असं झालं होतं का भर बाजारात कोणी थोबाडीत देली. त्यानं डोक्शाचा दुपट्टा काढला, थैलीतून नारळ काढलं आन् तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"बाई, देवीनं नाही सोडलं. म्या सोडलं."

तिले समजलं नाही. त्यानं चाबी दाखवली.

ते चाबीकडं पाहात राहिली. मंग म्हणे, "काहून?"

"माहं समजून सोडलं. माहं काम होऊन नोतं राहिलं. घाई झाली मले."

"कायची?"

"पोट्ट्याच्या लग्नाची."

"पोट्टा घरीच हाय?"

"हाय."

"घरी जेवते?"

मले तवा उजेड पडला, आन् माह्या आंधी शालिकले पडला असन. टाइम नोता वाचवत गोपाल. बापाच्या समोर भाकर उतरत नोती त्याच्या गळ्याखाली.

बाईनं पुढं इचारलं नाही. शिवी देली असती तं बरं झालं असतं. तिनं फोन लावला. "कुलूप राहू दे," म्हणे. तिकडून काही इचारलं असन. "नाही. अजून नाही," म्हणे, आन् फोन चोळीत ठेवला.

मंग शालिकले म्हणे, "बांधा आता. तुमच्या हातानं सुटलं, तुमच्याच हातानं बांधा."

माणूस रोज ढिगानं हार गुंफते, पण त्याले ती गाठ बसेना. म्या विळा पाठीमांगं धरून उभा. त्यानं सुतळीले पीळ देऊन देऊन गाठ आवळली, तं ते म्हणे, "लय घट्ट नका बांधू. सोडा लागते देवीले."

जाता जाता तिनं इचारलं, "तुमचं कोणतं?"

शालिकनं खिशातून चष्मा काढला. एका एका नारळाले पाहात लिंबाले फेरा घातला. पलीकडच्या फांदीवर हळकुंडाचा पिवळा डाग उतरलेलं फडकं होतं. त्यानं नुसता हात लावला. बाईनंही लावला आन् उतारानं निंघून गेली.

खाली आलो तं शालिक घराच्या रस्त्यानं वळलाच नाही, वावराकडं चालला. म्या मांगं मांगं. गोपाल बोरीखाली डबा उघडून बसला होता. बाप दिसला तसं त्यानं झाकण लावलं आन् उठून उभा राहिला.

"बस," शालिक म्हणे, आन् त्याच्या बाजूले मातीत बसला. "अर्धी भाकर दे मले."

"घरी नाही जेवले?"

"तू कुठं होता घरी?"

गोपालनं भाकर मोडून देली. मंग म्हणे, "बाबा, त्या पोरीकडच्याईनं..."

"ते होईन तवा होईन. ठेचा सरकव इकडं."

म्या वावराच्या धुऱ्यावरच थांबलो. विळा अजून हातातच होता. तो माह्या दुपट्ट्यात गुंडाळला आन् त्या दोघाईले दिसणार नाही असा, बाजूच्या वावरातल्या कापसाच्या पऱ्हाटीआडून घरी आलो.