जिन्यातल्या तीन फळ्या

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे. लोखंडाचे नाही, लाकडाचेही नाही. मी प्रथिनाचे चाक आहे. अकरा वर्षांच्या एका मुलीच्या मांडीच्या स्नायूत, एका पेशीच्या पोटात, तंतुकणिका नावाच्या इवल्या कोठीत माझे घर आहे. वय विचाराल तर काही महिने. हसू नका, आमच्यात एवढे जगले की म्हातारपणच.

माझी घडण दोन पोथ्यांवरून, म्हणजे जनुकांच्या दोन संचांवरून झाली. बहुतेक तुकडे पेशीच्या मधल्या मोठ्या पोथीवरून, जी आईवडिलांनी मिळून दिली. दोन तुकडे मात्र तंतुकणिकेच्या स्वतःच्या चिमुकल्या पोथीवरून, आणि ती पोथी एकट्या आईची ठेव. म्हणून मी फिरते तेव्हा जणू आईच लेकीच्या पायाला हात लावून असते.

माझ्याशेजारी, कोठीच्या आतल्या पडद्यात, पंपांची रांग आहे. खाल्लेल्या घासाच्या आणि घेतलेल्या श्वासाच्या जोरावर ते हायड्रोजनचे सूक्ष्म कण पडद्यापलीकडे चढवतात. तिकडे दाटी झाली की ते कण माझ्यातून वाट काढत परत येतात आणि मी गरगर फिरते. एका फेरीला एटीपीचे, म्हणजे पेशीच्या इंधनाचे, तीन कण तयार होतात. त्यांच्यावरच पाऊल उचलते, पापणी लवते. यात माझे कर्तृत्व ते काय? देणारा देतो, आपण फिरावे.

पण माझ्या नशिबी धारच बारीक आली. रांगेतला पहिला पंप सर्वांत मोठा, चाळीसहून अधिक तुकड्यांचा. ते तुकडे जोडणारे एक वेगळे प्रथिन असते, त्याला आम्ही मिस्त्री म्हणतो. आईच्या आणि वडिलांच्या, दोघांच्याही पोथीत या मिस्त्रीच्या पानावर चूक निघाली. आमचा मिस्त्री हातापायाने अधू. अर्धवट जोडलेले पंप तसेच पडून राहत. मी फिरे, अडखळे, थांबे. थांबले की एकच धास्ती: आता पुन्हा फिरेन ना? कारण असेच पंप वर तिच्या हृदयातही होते.

मुलीचे वडील पाण्याचे पंप दुरुस्त करत. तळमजल्यावर दुकान, चौथ्या मजल्यावर घर. पडून राहिलेला पंप जाम होतो आणि दांडा हाताने फिरवला की सुटतो, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव. मुलगी जिन्यात बसू लागली, तेव्हा त्यांनी तोच इलाज केला. रोज दुपारी पाच वेळा वर, पाच वेळा खाली. स्वतः जिन्याखाली उभे राहून ते पायऱ्या मोजत. जेवताना घोडा आणि जिना दिसला की गोगलगाय, असे हसत हसत म्हणत. माया नव्हती असे नाही. पोरीचा रंग उतरलाय, राहू द्या, असे आई म्हणाली, तर आज बसू दिली तर कायमची बसेल, हे त्यांचे उत्तर.

मला मात्र एकेक पायरी जड जाई. माझ्याने पुरवठा होत नसे, मग पेशी दुसऱ्या वाटेने कशीबशी ऊर्जा काढी, आणि त्यातून आम्ल साचून मांडी पेटल्यासारखी होई. मुलीने यावर एक युक्ती शोधली. तिसऱ्या मजल्यावर, खालून दिसणार नाही अशा वळणावर ती बसे, चपला हातांत घाली आणि उरलेली चढउतार चालू आहे असे वाटावे म्हणून पायरीवर आपटत राही. खाली वडील समाधानाने मोजत.

एके दिवशी आपटणेही थांबले. वडिलांनी हाक मारली, उत्तर नाही. धावत वर आले, तर लेक भिंतीला टेकून पडलेली आणि चपला अजून हातांत. त्या चपलांकडे ते बघतच राहिले. मग तिला उचलून दवाखान्यात नेले.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले, मांडीचा बारीक तुकडा काढला. माझ्या शेजारच्या कित्येक कोठ्या त्यात गेल्या. मी काठावर वाचले. अहवाल येईपर्यंत माझा जीव टांगणीला होता.

बाईंनी सगळे समजावले. वडील म्हणाले, "म्हणजे दांडा जाम नव्हताच. पाणीच चढत नव्हतं."

"हो. आणि तुम्ही दांडाच फिरवत होतात."

त्यांनी लेकीकडे पाहिले. "मला सांगितलं का नाहीस गं?"

"सांगितलं होतं, बाबा. तुम्ही मोजत होतात."

औषध म्हणजे एका जीवनसत्त्वाच्या पिवळ्या गोळ्या. त्यांनी अधू मिस्त्रीला आधार मिळतो. पण सगळ्यांना लागू पडतीलच असे नाही, असे बाईंनी बजावले. ते आठवडे मी कसे काढले, मलाच ठाऊक. एक पंप पुरा जुळला, वाटले भास असेल. मग दुसरा. धार किंचित वाढली. अजून मी अडखळते, अजून धास्तावते. पण पहिल्याइतके थांबत नाही.

वडिलांनी दुकानातले पत्रे-नळ बाजूला सारून तीन फळ्या कापल्या आणि जिन्याच्या तीन वळणांवर बिजागरीने ठोकल्या. लेक दमली की फळी खाली पाडून बसते. काल पहिलीवर बसली नाही, दुसरीवरही नाही. तिसरीवर टेकली, चपला पायांतच होत्या. वडील पाठोपाठ आले आणि तिच्या बाजूला, पायरीवर बसले.

मित्रांनो, माझे दिवस भरत आले आहेत. पेशी मला लवकरच मोडेल, माझ्या तुकड्यांतून नवे काही घडेल. जाण्यापूर्वी एवढेच मागते. जिन्यात कुणी थांबलेले दिसले, तर त्याच्या पायऱ्या मोजू नका. आत एखादे चाक फिरण्यासाठी जिवाच्या आकांताने वाट पाहत असेल. क्षणभर शेजारी बसा.