गीझर लावू का?

धाकटीने मेन बोर्डाच्या झाकणाला हाताची पालथी बाजू टेकवली आणि चटकन काढून घेतली.

"आई, हे तापलंय. जळका वासही येतोय. आता पुढच्या वर्षी वगैरे काही नाही. याच आठवड्यात बोर्ड बदलायचा."

"तुझ्या जन्माआधीपासूनचा आहे तो," आई इस्त्री फिरवत म्हणाली. "कधी कुणाला धक्का दिला नाही."

"मग काय, सत्कार करायचा त्याचा?"

"गीझर लावू का गं?" बाथरूममधून बाबांची हाक आली.

"थांबा!" आईने इस्त्रीचं बटण बंद केलं. "हं, लावा आता!"

दोन्ही एकदम लावलं की फ्यूज उडायचा. त्यामुळे हा सवाल-जवाब रोजचाच. धाकटीने कोणत्या वायरवर किती भार पडतो ते आईला नीट समजावलं. आई मान हलवत होती, पण कान बाथरूमकडे होते. पाणी पडल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे तिने पुढचा शर्ट घेतला.

नवा बोर्ड बसला. वायरमनने घरातलं झाडून सगळं एकदम चालू करून दाखवलं. "आता गिरणी टाकलीत तरी हूं की चूं करणार नाही." तो गेल्यावर धाकटीने स्वतः पुन्हा सगळं लावून पाहिलं. बोर्ड थंडगार होता.

दुसऱ्या दिवशी बाबा न विचारता आंघोळीला गेले. आई इस्त्री हातात धरून तशीच उभी. मग ती ठेवून बाथरूमच्या दारापर्यंत जाऊन आली. थोड्या वेळाने पुन्हा.

धाकटी बघत राहिली. गेल्या हिवाळ्यात बाबांना आत भोवळ आली होती. "तुम्हाला कळलं कसं?" डॉक्टरांनी विचारलं होतं. "हाक आली नाही," आई म्हणाली होती. बरे झाल्यावरही बाबा कडी लावूनच आंघोळ करत. "मी काय कुकुलं बाळ आहे का, राखण करायला?" म्हणत.

बाबा डोकं पुसत बाहेर आले.

"झकास! विचारायची कटकट गेली."

"नाही गेली, बाबा," धाकटी म्हणाली. "गीझर आणि इस्त्री एकदम लावायचं नाही. आधी विचारत जा."

"अगं, वायरमन तर गिरणी म्हणाला..."

"त्याला काय जातंय म्हणायला? फिजिक्स कोण शिकलंय?"

बाबांनी मान डोलावली. लेकीच्या फिजिक्सपुढे ते कधीच वाद घालत नसत.

आईने वर पाहिलं नाही. शर्टाची बाही हाताने सारखी केली.

"आणि म्हणे नवा बोर्ड," ती पुटपुटली.