आमच्या वाट्याचा उन्हाळा

उन्हाळा आमच्या घरी कधी आलाच नाही. तो समुद्र अडवणाऱ्या बांधापलीकडे, किनाऱ्यावर यायचा, परगावच्या लोकांना घेऊन यायचा, आणि माझी आई हिस्के त्या लोकांना घेऊन निघून जायची. ओहोटीला पाणी मागे सरलं की आमलंड बेटापर्यंत नुसता चिखल उघडा पडतो. त्यातून चार तास चालत बेट गाठायचं. वाट दाखवायला परवाना असलेलं माणूस लागतं, आणि आई ते काम एकोणीस वर्षं करत होती. मे ते सप्टेंबर लोकांच्या पोरांचे हात धरून ती त्यांना चिखल तुडवायला शिकवायची. आम्ही दोघी बहिणी बाबांबरोबर घरी. "पुढच्या वर्षी आपण सगळे जाऊ," असं ती दर वर्षी म्हणायची, आणि खरंच वाटून म्हणायची.

मी चौदा वर्षांची होते त्या मार्चमध्ये तिच्या डाव्या पायातलं बळ जायला लागलं. आधी ती उंबऱ्याला अडखळली, मग जिन्यात पडली. मे महिन्यात शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं. शरीराचे स्नायू एकेक करून निकामी होत जाणार आणि त्यावर औषध नाही, एवढं मला समजलं. परतताना गाडीत नऊ वर्षांच्या नीन्केने विचारलं, "मग या उन्हाळ्यात तू घरी असणार?"

"असणार की," आई म्हणाली. "कंटाळशील इतकी असणार."

बाबा दुधाचा टँकर चालवायचे. त्यांनी सहा आठवडे रजा काढली आणि हात धुऊन उन्हाळ्याच्या मागे लागले. एक दिवस होडी, एक दिवस जत्रा, एक दिवस प्राणिसंग्रहालय. परतताना आई गाडीत झोपलेली, आम्ही दोघी मागे भांडत, आणि बाबा आरशातून सारखे विचारायचे, "मजा आली ना? आली ना?" आम्ही आली म्हणायचो.

जुलैच्या मध्यावर आई बाबांवर वैतागली. "वीबे, बस झालं आइस्क्रीम. मला चिखलात घेऊन चल. सगळ्यांना."

"अगं, तुझा पाय…"

"पाय माझा आहे. चिखलही माझाच आहे."

वाट दाखवायला बाउके आला. हा तिच्या हाताखाली तयार झालेला, वयाने तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. निघताना तो बिचकत म्हणाला, "हिस्के, दहाच्या आत मधल्या वाळूच्या दांड्यावर पोचलो नाही, तर परत फिरायचं. हे तूच मला शिकवलंस."

"मला काय सांगतोस? पुढे हो."

सकाळी पावणेआठला आम्ही बांध उतरलो. बुटांच्या नाड्या आईने स्वतः आवळून बांधल्या होत्या, नाहीतर चिखल बूट ओढून घेतो. तिच्या एका हातात काठी, दुसरा हात बाबांच्या खांद्यावर. सुरुवातीचा चिखल गुडघाभर होता. नीन्के दोनदा बसली आणि खिदळली. आई प्रत्येक पावलाला काठीवर भार टाकून डावा पाय उपसून काढत होती. पण माझ्यावर तोंड चालूच होतं: "रिक्स्त, टाच नको, चवडा टाक. थांबू नकोस, थांबलं की रुततं." मी तिला कामावर कधी पाहिलंच नव्हतं. घरी ती मऊ बोलायची. इथे तिचा आवाज वाऱ्यातून आरपार जात होता.

दांड्यावर पोचलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. बेटावरचं दीपगृह स्वच्छ दिसत होतं. बाउकेने घड्याळ पाहिलं. आईच बोलली.

"पंधरा मिनिटं बसू. मग परत."

"नाही!" मी ओरडले. "इतक्या जवळ आलोय. बाबा तुला उचलतील. बाउके, सांग ना तिला!"

"मी शेकडो लोकांना इथून परत फिरवलंय, रिक्स्त. त्यातले कितीतरी रडले होते. पुढची वाट खोल आहे, तिथे पाणी आधी चढतं. भरती आपल्या घरची माणसं पाहून थांबणार आहे का?"

"मग आलोच कशाला?"

तिने पिशवीतून पाव आणि लवंगा घातलेलं चीज काढून सगळ्यांना दिलं. मग म्हणाली, "आडवे व्हा. कान चिखलाला लावा."

बाबाही झोपले. गालाला गार चिखल लागला, आणि खालून बारीक तडतड ऐकू आली, कढईत काहीतरी हळू परतावं तशी.

"कोण आहे तिथे?" नीन्के कुजबुजली.

"किडे. इवलेसे. लाखो असतील. लोक बेट बघायला येतात गं, हे कुणी ऐकत नाही. मला तुम्हाला हे ऐकवायचं होतं."

बाउके पाठ करून उभा होता. मी आईकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि ती हसत होती.

परतताना तिचा पाय उचलेचना. बाबांनी तिला पाठीवर घेतलं. "चवडा, वीबे, चवडा! टँकर आहे का हा?" असं ती बरंच अंतर ओरडत राहिली. मग तिने बाबांच्या मानेत तोंड खुपसलं. मी मागे होते. ती रडत होती, आणि पाय धरलेल्या बाबांना तिचे डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

नाताळात ती खुर्चीला खिळली. एप्रिलमध्ये गेली.

जूनमध्ये बाबांनी विचारलं, "बाउके म्हणतोय, राहिलेली वाट पुरी करू. येतेस?" मी नाही म्हटलं. ते आणि नीन्के गेले, आणि संध्याकाळच्या बोटीने परत आले. मी धक्क्यावर उभी होते. नीन्केचं नाक उन्हाने लाल झालं होतं.

"कसं होतं?" मी विचारलं.

"बेटावर काही नाही गं," ती म्हणाली. "दुकानं आहेत."

बाबा मागून येत होते. त्यांच्या डाव्या गालावर कानापर्यंत वाळलेला चिखल होता.