बिब्ब्याचा डाग

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, ते दोन हजार सोळा साल. त्या उन्हाळ्यात आमच्या तेरला तेरणेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती.

माझी नात वृषाली तेव्हा तामलवाडीला सासरी होती, सातव्या महिन्यात. टँकरच्या झोंबाझोंबीत तिला पाणी मिळालं नाही. रिकाम्या घागरीनं घरी आली म्हणून तिच्या नवऱ्यानं, योगीराजनं, तीच घागर तिच्या हातावर हाणली आणि पोटात लाथ घातली. हात मोडला. उंबऱ्यातच रक्त सुरू झालं. धाराशिवच्या दवाखान्यात मुलगी झाली.

एवढीशी. कातडी इतकी पातळ की शिरा मोजाव्यात. काचेच्या पेटीत, नाकात नळी. बऱ्याच दिवसांनी घरी सोडताना सिस्टर म्हणाल्या, "आजी, मालिश नाही, शेगडीची धुरी नाही. उघड्या छातीला उघडं बाळ बांधून ठेवा. पोट फुगलं, हिरवं ओकलं, तर त्याच पावली घेऊन या. आणि डोळे तपासायची तारीख चुकवू नका. अशा बाळांची नजर आतून जाते."

वृषालीचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून तिला तेरला आणलं आणि बाळ मी बांधलं. माझ्या सुकलेल्या छातीवर ते चिमणीसारखं धडधडायचं.

मला माझा धाकटा भाऊ आठवायचा. निजाम जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हाचा. तोही असाच दिवस भरायच्या आधी आलेला. त्याचं फुगलेलं पोट उतरावं म्हणून आजीनं सुईला बिब्बा टोचला, दिव्यावर पेटवला आणि बिब्ब्यातून सुटलेलं उकळतं तेल त्याच्या पोटावर टेकवलं. पहिल्या डागाला तो मांजराच्या पिल्लासारखा किंचाळला. दुसऱ्याला नुसतं तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. तो जगला नाही. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

एके सकाळी बाळाचं पोट टरारून फुगलं आणि ते हिरवं ओकलं. मी ते तसंच चोळीत बांधून एसटीसाठी निघाले, तर दारात योगीराज आणि त्याची आई कोंडाबाई.

"कुठं निघालाव, इहीणबाई?"

"दवाखान्यात. पोट फुगलंय."

"तरी म्हनलं! म्या बिब्बा आनलाच हाय. आमच्या घरात समदी लेकरं डागली, समदी जगली. आना हिकडं."

"तुमच्या लेकाला टाळूवर डागलं व्हतं वाटतं," मी म्हणाले. "अक्कल तेवढी जळाली."

योगीराजनं माझ्या थोबाडीत मारली. मी चुलीपाशी आदळले. त्यानं केस धरून मला उताणी पाडलं, छातीवर गुडघा ठेवायला गेला, मी बाळासाठी कूस वळवली तर त्यानं माझी चोळी टराटरा फाडली. "सोड म्हातारे, पोरगी माजी हाय!" कोंडाबाईनं चुलीतल्या निखाऱ्यावर सुईला टोचलेला बिब्बा धरला. तो चरचरत पेटला. तिनं ती सुई बाळाच्या पोटावर आणली, तसा मी माझा हात मधे घातला.

तेल हातावर चिकटून जळत राहिलं. तोच वास. मी हात काढला नाही. योगीराज हात उपटायला वाकला, तेव्हा मी त्याच्या मनगटाला दात लावले, रक्त तोंडात येईस्तोवर.

"आजे, मान खाली!" मागून वृषाली ओरडली. तिनं डाव्या हातानं वरवंटा उचलला होता. तो तिनं नवऱ्याच्या गुडघ्यावर घातला. हाड फुटल्याचा आवाज झाला. तो लोळायला लागला, तरी तिनं परत घातला. कोंडाबाई लेकाच्या अंगावर पडून बोंबलायला लागली.

त्या सगळ्या गोंधळात बाळ रडलं नाही. मला भीती त्याचीच वाटली.

शेजारच्या गोरोबानं जीप काढली. वाटेत बाळ निळं पडलं. मी तळव्याला टिचक्या मारत राहिले. धाराशिवच्या अलीकडं त्यानं श्वास घेतला.

आतड्याला जंतू लागला होता. दवाखान्यानं बाळ वाचवलं. ते घरी आलं, तोवर योगीराजनं आमच्यावर केस केली होती, वृषालीनं त्याच्यावर. डोळ्यांच्या तारखेला आम्ही दोघी चौकीच्या बाकावर बसून होतो. नंतर नेलं, तेव्हा उजव्या डोळ्यातला पडदा सुटलेला होता.

योगीराज अजून काठीनं चालतो. त्यानं दुसरी केली, ती वर्षाच्या आत माहेरी गेली, परत आली नाही. कोंडाबाई गेल्या साली वारली. त्याआधी एकदा येऊन उंबऱ्याबाहेर बसली, नातीला बघितलं आणि पाणीसुद्धा न पिता गेली. वृषाली तेरमध्येच पिठाची गिरणी चालवते.

मुलीचं नाव शिवांजली. जाड भिंगाचा चष्मा लावून पहिल्या बाकावर बसते. परवा तिनं माझ्या हातावरचा काळा डाग चाचपला आणि कशाचा म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं.

"आजे, लई दुखलं का गं?"

"व्हय," मी म्हणाले. "लई."