पाणीवाले उंदीर

सकाळी रक्त घ्यायला संशोधक मुहय्यो मधुमेही उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी आली आणि भुशात तिला नानचा तुकडा सापडला. साखरेच्या मोजणीच्या सकाळी उंदरांचं पोट रिकामं हवं, हे ताश्कंदच्या त्या संस्थेत दारावरच लिहिलेलं होतं. तिनं तुकडा हुंगला. गोड चहात भिजवलेला.

"ओयसुलूव खोला, हे कुणी घातलं?"

पिंजरे राखणारी म्हातारी, सगळ्यांची खोला म्हणजे मावशी, फडकं पिळत म्हणाली, "मीच. त्या बाजूच्यांना तू तुतीच्या पाल्याचा अर्क पाजतेस. ह्यांना नुसतं पाणी. आजारी जीव, दवा नाही, वर उपाशी मारायचं? खुदाला काय तोंड दाखवू?"

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मोजणी असली की पहाटेची नमाज आटपून द्यायचे."

मुहय्योनं नोंदवही उघडली. पाणीवाल्यांची रक्तातली साखर अर्कवाल्यांच्या दुप्पट निघायची, म्हणूनच पाला गुणकारी ठरला होता. तीन महिन्यांची मेहनत मातीत. एकाही मोठ्या माणसाला संशय आला नव्हता. आकडा हवा तसा आला की भुसा कोण उचकटतो?

संचालक कुद्रत दोमलांनी, तिच्या गुरुजींनी, ऐकून घेतलं आणि दार लावलं. टेबलावर विक्रीची खोकी रचलेली, त्यांवर छापलेलं: 'मधुमेहाच्या गोळ्या विसरा, तुतीचा चहा प्या.'

"अहवालावर सही कर आणि गप्प बस, पोरी. पाल्यानं कुणी मेलंय? रेशमाचे किडे जन्मभर तेच खातात!"

"किड्यांना मधुमेह नसतो, दोमला. माणसं पाल्यानं नाही मरणार, गोळ्या सोडून मरतील."

"नवरोजनंतर तुझा प्रबंध विद्वत्सभेपुढे आहे. सही नाही, तर प्रबंधही नाही."

"नाही तर नाही."

तिनं नोंदवहीत शाईनं लिहिलं: 'सर्व मोजण्या रद्द. पाणीवाल्या उंदरांना पहाटे खायला मिळत होतं.' त्या पानाचा फोटो काढला आणि विद्वत्सभेच्या अकराही सभासदांना पाठवून दिला. आता खोकी विकायची, तर अकरा जणांनी डोळे मिटून विकावी.

ओयसुलूव खोला दाराशी उभी होती. "मला काढणार ना?"

"काढून सुटका नाही तुमची. नवे चाळीस उंदीर येताहेत. पहाटे माझ्या शेजारी बसायचं, हात मांडीखाली घालून."

"आणि भुकेनं ओरडले तर?"

"ओरडू देत. दोघी ऐकू."

"दगडाच्या काळजाची आहेस गं बाई," म्हातारी पुटपुटली आणि नव्यांसाठी रिकामे पिंजरे घासायला बसली.