खांबावरचे हात

ओट्यापाशी ठेवलेला लिंबू घरंगळत कोपऱ्यात गेला. उचलून ठेवला, तरी पुन्हा तिकडंच.

उंद्रीतली एक पोरगी पांढऱ्या मातीच्या खाणीतून वर आली तेव्हा पापण्यांसकट पांढरी झाली होती. आईनं तिला हसण्यावरून ओळखलं.

फोडणी शेजारच्या घरात पडली. ठसका ह्या घराच्या जमिनीतून वर आला.

मुरमाची एक ट्रॉली घमेल्या-घमेल्यांनी ओतली. मग दुसरी. खड्ड्यानं साधा ढेकरही दिला नाही.

"अम्मी, अजून बी सांगतो, राहू दे," आसिम म्हणाला. त्याचे हात मात्र तिच्या कमरेला दोराची गाठ मारत होते.

स्वयंपाकघराच्या मधोमध परातीएवढं भोक पडलं होतं. आसिमचे खांदे त्यात अडकले, शेखर गवंड्याचं पोट अडकलं. कुदळीनं तोंड मोठं करावं, तर कोणती कड कच्ची हे ठाऊक नाही. आणि मुरूम कुठं गडप होतो हे पाहिल्याशिवाय घर वाचणार नव्हतं. घरात तेवढी बारीक एकटी मुबीना. लहानपणी माहेरी, उंद्रीच्या खाणीत उतरलेली ती पोरगीही तीच.

"चाची, दोर दोनदा हलवजा, वर घेतो," शेखर म्हणाला.

"अन् तुमी चहा पेत बसले तं?"

"चहा करनारीच खाली चालली, मंग चहा कोन देनार?"

आधी सोडलेला कंदील खाली शांत जळत होता. म्हणजे हवा होती. मुबीना उतरली.

पाय मुरमाच्या ढिगावर टेकले. दोन ट्रॉल्यांचा ढीग, पण इथं तो तांदळातून निवडून बाजूला सारलेल्या खड्यांसारखा दिसत होता. तिनं कंदील उचलला आणि हात लांब केला. उजेड पुढं गेला, आणखी पुढं गेला, आणि त्याला पलीकडची भिंत काही लागली नाही.

छत पांढरं होतं, उलट्या कढईसारखं वळलेलं. त्याच्यावर खुरप्याचे वार, माशाच्या खवल्यांसारखे एकाला एक लागून. वार बायकांच्या हाताचे. तिनं स्वतः तसे मारले होते. दिवे ठेवायचे कोनाडे होते, कोनाड्यांवर काजळी होती. तिच्या घराच्या भिंती, शेजारच्या पुष्पाबाईच्या भिंती, मशिदीमागची घरांची ओळ, त्यापुढची सगळी गल्ली इथूनच टोपल्या-टोपल्यांनी वर गेली होती. वर जेवढं गाव उभं होतं, तेवढं खाली मोकळं होतं.

मुबीनानं डोक्यावरचा पदर सारखा केला, समोर कुणी वडीलधारं असावं तसा.

मग तिला खांब दिसले. खणताना छत पेलायला सोडलेले, मातीचेच. खाणीत एकच नियम असायचा: अशा खांबावर ओल्या मातीचा हात उमटवायचा. हात दिसला की कुदळ थांबायची. इथं हातावर हात उमटले होते. मोठे, बारके, गुडघ्याएवढ्या उंचीवर पोरीसोरींचे. तिनं एका हातावर आपला हात ठेवला. त्या बाईची बोटं तिच्यापेक्षा लांब होती.

धप्.

छतातून माती भुरभुरली. पुन्हा धप्. वर पुष्पाबाई लोखंडी खलात काहीतरी कुटत होती.

आवाजाखाली एक खांब होता. वरच्या बाजूला सगळे हात शाबूत. बुडाशी मात्र तो चोखलेल्या उसासारखा बारीक झाला होता. बूड ओलं होतं. मुबीनानं ओल्या मातीत बोट घातलं आणि नाकाशी नेलं.

साबणाचा वास होता. आसिमनं गेल्या साली न्हाणी बांधली होती. तिचं पाणी शोषखड्ड्यातून इथं येत होतं.

धप्.

तिनं दोर हलवला.

"भरन का खड्डा?" आसिमनं विचारलं.

"सारं गाव ओतलं तरी नाई भरत." दम खाऊन ती शेखरला म्हणाली, "चुलीकडची कड जाड हाय, तिकून तोंड मोठं कर. अन् दगडाचा खांब बांध."

"दगड एकाच खांबापुरते हायेत, चाची. बाकीचे याले टाइम लागन. कुठी बांधू?"

"पुष्पाबाईच्या घराखाली."

"काऊन?" आसिम म्हणाला. "आपला सैपाक अंगनात, अन् खांब त्यायले? आपल्याकडं पाहून तोंड फिरवते ते बाई."

"पयले न्हानीचं पानी बंद कर."

"न्हानीचं काय आलं मधातच?"

मुबीनानं ओलं बोट त्याच्या नाकापुढं धरलं. आसिमनं वास घेतला. मग तो उठला आणि न्हाणीच्या नळाकडं गेला.

ती तशीच बाहेर पडली. दोर कमरेलाच होता, मागून फरपटत आला. पुष्पाबाईची कडी वाजवली. कुटायचा आवाज थांबला.

"कोन हाय?"

"मी."

 मग दार उघडलं. समोर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी बाई. पुष्पाबाई तिच्याकडं पाहत राहिली.

"मुबीना?"

"तो खल तिथून उचल, बाई. जमीन पोकळ हाय. खालचा खांब आमच्या न्हानीच्या पान्यानं झिजला."

पुष्पाबाईनं मागं वळून आपल्या जमिनीकडं पाहिलं. चपला काढून ठेवल्या आणि अलगद पावलं टाकत आत गेली. खल जड होता. तिच्यानं एकटीनं तो उचलेना. मुबीना उंबरा ओलांडून आत आली आणि तिनं दुसरी बाजू धरली.

दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं ते मधल्या भिंतीच्या वीतभर जागेवरून.